उपरण्याखालचा हात

परशराम दलाल त्या दिवशी निघाला तो साध्याच कामाला. बेळगुंदीतून सात माणसं बैलगाडीत घालायची, कणकुंबीच्या पुढं गोव्याच्या हद्दीपाशी पोचवायची आणि परतायचं. एरवी निपाणीच्या पेठेत तो तंबाखूचे सौदे जमवायचा. या खेपेला माणसांचा. त्याला त्यात काही फरक वाटला नाही, आणि मला त्याची किळस येते ती इथूनच.

वसुधा, दार लोटून घे. हे मी परशरामाच्याच तोंडून ऐकलंय. अठ्ठावीस वर्षं झाली. साल एकोणीसशे अठरा, कार्तिकातली अमावास्या, मंगळवार. मानमोडीच्या साथीनं घराघरांतली माणसं नेली होती, पावसानंही दगा दिला होता. असल्या वेळी दलाल गावात शिरला की त्याला गिधाडासारखं हाकलून लावावं. पण पोटात अन्न नसलं की गिधाडही पाहुणा वाटतं.

गोव्यातला कुणी व्यापारी आफ्रिकेतल्या पोर्तुगीज मुलखात मळ्यांवर पाठवायला मजूर गोळा करत होता. बोट आठवड्यात सुटणार होती. आधी गेलेल्यांतलं कुणी परत आलं का, हे परशरामाला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी विचारलंही नव्हतं.

गाडीत राजाबाई होती. बावीस-तेवीसची. नवरा साथीत गेलेला, तान्हं पोर आईपाशी ठेवून निघालेली.

"दलाल, बोटीतनं परत कवा यायचं?" तिनं वाटेत विचारलं.

"वर्सात."

"आन् पोराला वळख ऱ्हाईल न्हवं माझी?"

"पगार घिऊन आलीस की समदीच वळखत्यात गं!" परशराम हसला. गाडीवान मष्णूही हसला.

पगार! गोपाळ, तू कॉलेजात जातोस, हा शब्द कुणाचा ते माहीत आहे? पोर्तुगिजांचा. लिलाव हाही त्यांचाच. जुन्या गोव्यात भर रस्त्यावर आफ्रिकेतली माणसं पायांत बेड्या घालून उभी करायचे, दात बघायचे, दंड दाबायचे आणि बोली पुकारायचे. त्यांच्यातले जे निसटून रानात शिरले, त्यांचे वंशज सिद्दी अजून खानापूर-हल्याळच्या जंगलात राहतात. विकणारे मात्र मिरी आणि सोनं मोजून झालं की गुडघे टेकून देवाची प्रार्थना करायचे. त्यांनी तंबाखू आणली, मिरची आणली, म्हणून आपल्यातले काही विद्वान त्यांचे आभार मानतात! आणि ते अजून तिथंच बसलेत, इथून एका दिवसाच्या वाटेवर... काय म्हणालास? भुताच्या गोष्टीतही माझा अग्रलेख? असू दे. भूत येतंच आहे.

कणकुंबीच्या पुढं रानात बैल सोडायची मोकळी जागा होती. गाडी तिथं थांबली. मजूर झाडाखाली निजले. मष्णू घोरू लागला. व्यापाऱ्याचा माणूस तिथंच येणार होता, म्हणून परशराम कंदील घेऊन एका दगडावर बसला.

मध्यरात्र उलटल्यावर माणूस आला. डोक्यापासून खालपर्यंत घोंगडं. पावलं वाजली नाहीत, पण वाटेवर फुफाटा होता. परशरामानं कंदील उचलून तोंड बघितलं नाही. असल्या सौद्यात कुणी तोंड बघत नाही.

पेठेत भाव कसा ठरतो ते तुम्ही पाहिलंय. दोघं उपरण्याखाली हात घालतात. आकडा तोंडानं बोलायचा नाही. बोटं धरायची, दाबायची, त्यातच मागणी आणि त्यातच होकार. भोवती शंभर माणसं असली तरी भाव दोघांनाच कळतो.

परशरामानं उपरणं पसरलं. खालून हात आला. गार होता. थंडीचे दिवस होते म्हणा.

"किती नग?" परशरामानं विचारलं.

हातानं त्याचं एक बोट धरलं.

"एकच? सात आणल्यात की!"

पुन्हा तेच बोट.

परशरामाला वाटलं, तरणी बाई हवी असेल. त्यानं राजाबाईकडं मान वळवली. ती झोपेत कण्हत होती. पोर अंगावरचं, चोळी दुधानं भिजली होती.

"नग चांगला हाय," तो म्हणाला. "भाव चढा लागंल."

त्यानं बोटं दाबून भाव मागितला. हातानं कबूल केला. त्यानं वाढवला. तोही कबूल. आणखी वाढवला. तोही... इतका भाव त्यानं जन्मात काढला नव्हता. खुशीत येऊन त्यानं सौदा पक्का केला आणि हात मागं घेतला.

हात सुटेना.

"सोडा की आता... झाला न्हवं सौदा?"



त्या हातानं त्याचा तळवा उलटा केला. नखं चाचपली. मनगट फिरवून बघितलं. दंड दाबला. मग दुसरा हात आला. तिसरा आला... उपरण्याखाली किती हात होते? कुणी त्याची पोटरी दाबली. कुणी ओठ वर उचलला. खारट बोटं दातांवरून फिरली...

तेव्हा त्याला कळलं. नग कोणता ते.

तो ओरडला. आवाज फुटला नाही. कंदील जळतच होता. समोरचं घोंगडं गळून पडलं. आत कुणी नव्हतं.

हात होते.

आणि लांब कुठंतरी कुणी पुकारत होतं. एक वार... दोन वार...

"मग?" मी विचारलं.

परशराम एवढंच म्हणाला, "बोटीत लई अंधार असतोय, अण्णा."

पोरांनो, तो माणूस जन्मात कुठल्याही बोटीत बसला नव्हता.

पहाटे राजाबाईनं त्याला हलवलं. तो दगडावरच होता. तोंड उघडं, हात पुढं केलेला.

"आवो दलाल, उजाडलं. न्ह्यायला कोण आलंच न्हाय व्हय?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. पुष्कळ वर्षांनी माणूस दिसावं तसं बघितलं.

"जावा," तो म्हणाला. "घराकडं जावा समदी."

मष्णू उठून बसला. "आन् त्या व्यापाऱ्याला काय सांगायचं?"

"नग इकला म्हणून सांग."

गाडी जुंपेपर्यंत राजाबाई थांबली नाही. चालतच सुटली. बाकीच्यांनी हाक मारली तर मागं न बघताच म्हणाली, "पोर भुकेजलं असंल माझं."

दलालाला दया आली असं कुणी म्हणू नका. भ्याला म्हणून सोडलं त्यानं. मला तर त्याचं काहीच खरं वाटेना. अफू खाऊन बसला असशील, असं मी त्याच्या तोंडावर सांगितलं. त्यानं धोतर वर सरकवलं.

दोन्ही घोट्यांभोवती घट्टा होता. जू घासून बैलाच्या मानेला पडतो तसा. काळा, जाड, एक केस नाही. त्यानं माझ्यासमोर त्यात सुई टोचली. त्याला कळलंही नाही.

नंतर मी मष्णूला गाठलं. तो म्हणाला, आदल्या संध्याकाळी ओढ्यावर दलालाच्या पायातला काटा त्यानंच काढला होता. पाय मांडीवर घेऊन काढला होता. घोटे अगदी साफ होते.

एका रात्रीत फोड येतो, पोरांनो. घट्टा पडायला वर्षं लागतात.