साडेसहाचा निबंध

लिएपायाच्या बंदराकडे जाणारी ट्राम जिथे वळते, तिथे पाववाल्याच्या दुकानाच्या माडीवर ओयार्सची इंग्रजीची शिकवणी होती. ओयार्स म्हणजे जहाजावरचा निवृत्त रेडिओवाला. तीस वर्षं वादळात ओरडून इंग्रजी बोललेला माणूस, त्यामुळे व्याकरण कच्चं पण आवाज पक्का. जानेवारीतल्या एका शनिवारी लिगिता त्याच्याकडे गेली ती परीक्षेचा अर्ज भरून घ्यायला. अर्ज चौथा होता.

बावीस वर्षं इस्पितळात परिचारिका म्हणून काढलेली बाई. आयर्लंडमधल्या एका इस्पितळाने तिच्यासाठी जागा राखली होती, पण मार्चअखेरपर्यंतच, आणि इंग्रजी लेखनात नऊपैकी सात गुण मिळाले तरच. तिन्ही वेळा तिला साडेसहा पडले होते. तिची अकरा वर्षांची एल्झा दीड वर्षापूर्वीच बापाबरोबर तिकडे गेली होती. हल्ली फोनवर आईशी बोलताना पोरगी घरच्या भाषेतले शब्द शोधायची, आणि सापडले नाहीत की गप्प बसायची.

"तुला इंग्रजी येतं गं," ओयार्स म्हणाला. "गोष्ट येत नाही. एक गोष्ट घोटून ठेव. घरातली, रडवणारी. प्रश्न आरोग्याचा असो नाहीतर रस्त्यांचा, तीच फिरवून बसवायची. माझ्या एका पोराने मेलेल्या कुत्र्यावर सात मिळवले. कुत्रा पाळलाच नव्हता लेकाने."

"माझ्याकडे कुत्रा नाही, काका."

"आई तर होती ना," तो बोलून गेला, आणि मग बराच वेळ नाकावरचाच चष्मा शोधत राहिला.

तिची आई, म्हातारी स्काइद्रीते, डिसेंबरात वारली होती. पाच आठवडेही झाले नव्हते.

"मला नको दाखवूस," निघताना ओयार्स म्हणाला. "तपासनिसाला दाखव. तो कंटाळत नाही."

तपासनीस म्हणजे संगणकावरची ती यंत्रबुद्धी. निबंध टाकला की अर्ध्या मिनिटात गुण आणि शेरा. शिकवणीतले सगळे त्याच्यावर जगत. लिगिताने आईच्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. चार वाजताच बाहेर अंधारून आलं होतं. समुद्रावरचा वारा खिडकीच्या फटीतून शिरत होता, आणि आईच्या मलमाचा कापरासारखा वास अजून पडद्यांत होता.

तिने लिहिलं, आई शांतपणे गेली, माझा हात हातात धरून. गुण, सहा. शेरा: प्रसंग पटत नाही, तपशील वाढवा.

तिने बर्फ घातला. लिंडनच्या फुलांचा चहा घातला. सहाच. मग म्हटलं, चिमूटभर खरं घालून बघू. मी शेजारच्या खोलीत होते. साडेसहा. शेरा: शेजारच्या खोलीत आपण काय करत होता, हे वाचकाला कळत नाही.

लिगिता उठली, पडदा नीट केला, परत बसली. तिने लिहिलं, परीक्षेची तयारी करत होते, कानांवर हेडफोन लावून. गुण हलले नाहीत. शेरा: आईने हाक मारली का?

त्या दुपारी आईने पेल्यावर चमचा वाजवला होता. तीनदा. तिसऱ्यांदा लिगिताने हेडफोनचा आवाज वाढवला होता. ऐकण्याच्या सरावातला एकच संवाद उरला होता, कुणी माणूस हॉटेलात खोली मागत होता. वीस मिनिटांनी ती उठली तेव्हा चहा गार झाला होता, आणि आईचे डोळे दाराकडे होते. डॉक्टरांना तिने सांगितलं, मी बाजारात गेले होते.

हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. तपासनिसाला सांगितलं.

साडेसात. शेरा: प्रसंग जिवंत झाला आहे. अभिनंदन.

मग तो निबंध तिने घोटला. दहाव्या वाचनाला डोळे कोरडे राहिले. विसाव्या वाचनाला तिने 'अंधार' या शब्दाच्या जागी जरा वजनदार शब्द शोधून बसवला. फेब्रुवारीत परीक्षेला प्रश्न आला शहरातल्या वाहतुकीचा. लिगिताने आईला ट्रामपायी उशीर झालेल्या रुग्णवाहिकेत बसवलं आणि सात गुण आणले.

"बोललो नव्हतो?" ओयार्स म्हणाला. "कुत्र्यापेक्षा आई भारी."

दोघंही हसली, आणि दोघांनाही ते आवडलं नाही.

मार्चात तिने घराची वीज तोडून घेतली, कुलूप लावलं, किल्ली ओयार्सकडे दिली आणि लेकीकडे गेली.

एप्रिलातल्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, फोनवर तपासनिसाचा निरोप आला. आपल्या खात्यात नवा निबंध आला आहे. गुण, एक. शेरा: भाषा ओळखता येत नाही. उघडून पाहिलं तर नुसती विस्कटलेली अक्षरं. शिकवणीतल्या कुणाचा तरी आगाऊपणा, असं म्हणून तिने खात्याचा परवलीचा शब्द बदलला. दुसऱ्या दिवशी दीड. तिसऱ्या दिवशी दोन, आणि शेरा: काही शब्द कळतात. दार. थंड. मुलगी.

तिने ओयार्सला फोन लावला. "काका, माझ्या खात्यात कोण लिहितंय?"

"इथलं कुणी नाही गं. कुठून आलं ते खाली लिहिलेलं असतं, बघ ना."

खाली आईच्या घराचा पत्ता होता.

ओयार्स संध्याकाळी जाऊन आला. फोनवर त्याचा तो वादळातला आवाज बसलेला वाटला. "कुलूप जसंच्या तसं. वीज नाही. टेबलावर धूळ... लिगिता, आईची ती मोठी खुर्ची तू टेबलाशी ओढून ठेवली होतीस?"

"ती खुर्ची दोघांना हलत नव्हती, काका."

 

स्काइद्रीतेला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. 'ही भाषा माझ्या लेकीला घेऊन जाणार,' असं म्हणत लिगिताची पुस्तकं दिसली की ती तोंड फिरवायची. खातं बंद करायला लिगिताने तीनदा बोट नेलं. तीनदा मागे घेतलं. आईची हाक दुसऱ्यांदा कशी टाळायची...

अडीच. तीन. साडेतीन. रोज अर्धा गुण. चारचा निबंध तिने उघडलाच नाही.

रविवारी सकाळी ती काळ्या पावाला लोणी लावत होती. फोन वाजला तो एल्झाच्या हाताशी होता. पोरगी आता इंग्रजी आईपेक्षा झरझर वाचायची.

"आई, कुणीतरी पत्र लिहिलंय. चुका आहेत खूप, पण कळतंय."

"ठेव तो खाली."

"'आता मी समजेल असं बोलते,'" एल्झा वाचत होती. "'तुला ऐकू आलं नाही म्हणालीस तरी चालेल. एल्झा कुठल्या खोलीत झोपते?'... आई, ही कोण?"

सुरी लिगिताच्या हातातच राहिली. एल्झाने अंगठ्याने पान वर सरकवलं. साडेचार गुण, आणि खाली तपासनिसाचा शेरा.

"'पत्राचा हेतू आता स्पष्ट आहे,'" पोरीने वाचलं. "'आपण कधी येणार, तेवढा दिवस लिहायचा राहिला आहे.'"