पिवळ्या अंगणाची लाल माती

खुरपी चप्पल न काढताच आत आली. ठिकठिकाणची माती बरण्यांत भरून प्रयोगशाळेत पोचवणं हे तिचं काम, आणि नावही त्यावरूनच पडलेलं.

“मावशी, माझी माती कुणीतरी बदलली.”

मावशींनी पाण्याचा पेला पुढे केला. खाजगी तपास हा त्यांचा व्यवसाय. मदतीला भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं आयुष्य वीटभट्टीवर गेलेलं.

गेल्या आठवड्यात बालवाडीच्या अंगणात एका पोरीला चकाकता थेंब सापडला होता. पारा. खुरपीने तिथली माती पाच बरण्यांत भरून नेली. अहवाल काल आला: पारा नाही.

“पण मी भरली ती पिवळी होती, बरणीत आहे ती लाल. प्रयोगशाळेचे साहेब म्हणतात, बरणी तुझी, चिठ्ठी तुझी, माती तुझीच. मावशी, नऊ वाजता सदतीस पोरं त्याच अंगणात उतरतील हो.”

घड्याळात आठ वाजले होते.

“मातीत आणखी काही होतं?”

“बारीक मुळं. आणि तिसऱ्या बरणीत बशीचा निळा तुकडा. वहीत लिहिलंय मी.”

“पिवळी काय, लाल काय,” भाऊजी म्हणाले, “आमच्याकडे सगळ्यांची गत शेवटी एकच.”

“भाऊजी, तत्त्वज्ञान वाटेत सांगा. आधी चपला घाला.”

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक भट्टी होती, कुलूपबंद. किल्ल्या दोनच: एक साहेबांकडे, एक माती वाळवून चाळणाऱ्या नानांकडे.

साहेब येरझाऱ्या घालत होते. “मी कशाला खोटा अहवाल देऊ? माझा मुलगा तिथेच जातो. काल गुडघे मातीने माखून आला.”

नाना मात्र शांत होते. फक्त बोटं चाळणीच्या कडेवरून फिरत होती. “पंख्याखाली वाळवतो, बाई. जाळ लागला की पारा उडतो. बावीस वर्षं हेच करतोय. मला जरा लवकर सोडा, नातीला शेजारी ठेवलंय.”

“बालवाडीत नाही घातली?”

“होती. दोन महिन्यांपूर्वी बालवाडी नव्या जागेत हलली, तेव्हापासून घरीच असते.”

मावशींनी तिसरी बरणी कागदावर ओतली. लाल माती, त्यात निळा तुकडा. काळे धागे बोट लावताच भुकटी झाले. भाऊजींनी चिमूट चोळली.

“पक्क्या विटेचा रंग. आमची कच्ची वीटसुद्धा पिवळीच असायची.”

मावशी खुर्चीवर टेकल्या. साडेआठ.

“माती कुणी बदललेली नाही. निळा तुकडा इथेच आहे. मुळं जळली आणि पिवळीची लाल झाली, कारण ही माती भाजलीय. भट्टीतून पारा उडाला, मग मापात येणार कुठून? किल्ल्या दोघांकडे. साहेबांना अंगण विषारी आहे हे ठाऊक असतं तर पोटचं पोर त्यांनी काल तिथे लोळू दिलं नसतं.” त्या वळल्या. “थेंब सापडला गेल्या आठवड्यात. तुम्ही नात काढलीत बालवाडी हलली त्याच दिवशी. कुणाला संशयही नव्हता तेव्हा. नाना, तिथे काय आहे?”

नानांनी चष्मा काढला, पुसला, आणि हातातच धरून ठेवला.

“इथला टाकाऊ पारा. तेव्हा मोकळं माळरान होतं ते. तेव्हाचे साहेब म्हणाले, खड्डे खणून ओत. ओतला. वर बालवाडी येईल हे कुणाला माहीत? या वयात तोंड काळं झालं असतं, बाई.”

“घरातली एक वाचवलीत. बाकीची सदतीस कुणाची?”

मग नानांनी खुरपीपुढे हात पसरला.

“पोरी, तुझी खुरपी दे. खड्डे तीन आहेत. मलाच ठाऊक आहेत.”

साहेब बालवाडीला फोन लावत होते. नाना जिना उतरले होते, सगळ्यांच्या पुढे.