दोन रेकॉर्डर, एकच कार्ड

हे मी चौघांना सांगितलं. तिघे हसले. तुम्हीही हसा, माझं काही जात नाही. पण हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय. तेही शुक्रवारी, भर दुपारी चार वाजता, भरल्या बाजारातल्या दुकानात.

घरात आम्ही त्याला कीसकाढ्या म्हणतो. साधी चप्पल घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालणार. त्या दिवशी मात्र कुणी त्याची थट्टा केली नाही. शनिवारी त्याच्या ताईचं शेवटचं गाणं होतं. सोमवारी घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

तो आवाज त्याला जपून ठेवायचा होता. संधी एकच.

दुकानदाराने हातात मावणारे दोन रेकॉर्डर पुढे ठेवले. एक नवा कोरा, एक वापरलेला.

"गाण्याला जुनाच घ्या, फार तिखट कानाचा आहे. मागच्या खोलीत दार लावून निवांत ऐका."

खोली एवढीशी. भिंतींना, छताला, दाराला जाड फोम. कीसकाढ्याची रीत ठरलेली. आधी रिकाम्या खोलीतली शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची, म्हणजे यंत्राची स्वतःची खरखर कळते. आणि तुलना चोख व्हावी म्हणून दोन्हींत आपलंच एक मेमरी कार्ड घालायचं.

नवा लावला. हेडफोनमध्ये किंचित खरखर. बस्स.

जुना लावला...

खरखर अजिबात नाही. पण कुणीतरी श्वास घेत होतं.

त्याने स्वतःचा श्वास रोखला.

तो श्वास चालूच...

हेडफोन काढला. शुकशुकाट. परत घातला. श्वास आता जवळ आला होता.

त्याने दाराची मूठ फिरवली. फिरेना! लाथा घातल्या. "अहो, उघडा!" म्हणून घसा फाटेस्तोवर ओरडला. फोमने सगळं गिळलं.

मग हेडफोनमध्ये एका माणसाचा आवाज आला. दमलेला...

"नका ओरडू. मीही खूप ओरडलो. बसा... सवय होते."

दार उघडलं तेव्हा तो कोपऱ्यात अंग चोरून बसला होता.

"दोनच मिनिटं झाली हो. एवढा घाम?" दुकानदार म्हणाला.

कार्डावर रेकॉर्डिंग होतं तीन तासांचं.

त्याने ते पुसलं, नवा रेकॉर्डर घेतला आणि तडक घर गाठलं. भेदरलेल्या माणसाचं डोकं किती चालणार? कार्ड तेच राहिलं.

शनिवारी ताई जीव ओतून गायली. रेकॉर्डिंग खणखणीत आलं. त्याने तीनदा ऐकलं, फक्त ताईच होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

ऑपरेशननंतर दहा दिवसांनी त्याने तिच्या कानांना हेडफोन लावला. ती डोळे मिटून ऐकत राहिली, हसली. तो तर रडायलाच लागला.

मग तिने वहीत लिहिलं, "माझ्याबरोबर गातायत ते कोण?"

कार्ड टाकवत नाही, तिचा आवाज तेवढ्यातच आहे. दुसरीकडे उतरवून घ्यायला जावं, तर नुसती शांतता उतरते.

आता ताई दुपारभर ते ऐकत खोलीत बसते. परवा मी तिथेच होतो. दार उघडेना. तासभर आम्ही वाजवलं, हाका मारल्या. आतून काहीच नाही...

मग दार आपोआप उघडलं. ताई घामाने निथळत होती, बोटांची सालं निघालेली.

तिने वहीत लिहिलं, "मी केव्हाची दार वाजवतेय."

त्या दाराला बाहेरून कडीच नाही हो.