कायदा होईपर्यंत

बाबांच्या गालावरून तिने वस्तरा फिरवला आणि पातं उजेडात धरून पाहिलं... पात्याला एकही केस लागला नव्हता. मागच्या खेपेलाही लागला नव्हता. बाबांची दाढी वाढेनाशी झाली होती.

“झाला का गं कायदा?” बाबांनी डोळे न उघडताच विचारलं.

“होईल, बाबा. थांबा थोडं.”

हे थांबणं तिनेच मागून घेतलं होतं. वकील म्हणाले होते, वारसाकर रद्द करणारा कायदा होणार म्हणतात, पण कधी ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याआधी बाबा गेले, तर कर भरण्यासाठी राहतं घर आणि खालचा कापड रंगवायचा कारखाना, दोन्ही विकावी लागतील. लग्नाचा विचार बाजूला सारून तिने उभा जन्म त्या घरात, बाबांच्या सेवेत घातला होता. बाबा अखेरच्या घटका मोजत होते, तेव्हा ती रडत रडत म्हणाली होती, “कायदा होईपर्यंत जाऊ नका, बाबा.” बाबा शहाण्या मुलासारखे हो म्हणाले... आणि खरंच गेले नाहीत.

डॉक्टर एका हाताची नाडी बघत, मग दुसऱ्या हाताची, आणि बॅग उचलून निघून जात. ओठांना लावलेलं दूध जसंच्या तसं परत यायचं. अंगाचा गारवा चादरीतूनही हाताला लागायचा. आणि सभागृहात कायदा पुन्हा पुढे ढकलला जायचा.

शेवटी तिने धाकट्या भावाला बोलावलं. ‘विकून टाक आणि मोकळी हो’ असं तो एकदा बोलला, म्हणून तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. त्याने बाबांचा हात हातात घेतला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“ताई, हे काय करून बसलीस तू?”

चार भिंतींसाठी आपण जन्मदात्याला दारातच अडवून धरलंय, या जाणिवेने तिचं काळीज फाटलं. ‘झाला कायदा’ एवढं खोटं बोलली असती तरी बाबा सुटले असते, पण त्यांच्याशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

“बाबा, कायदा नाही झाला. पुन्हा लांबलाय. घर गेलं तर जाऊ दे... तुम्ही निघा आता.”



“मग तू कुठे राहशील?” बाबांनी विचारलं.

म्हणजे ते घरासाठी थांबलेच नव्हते... डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.

“माझ्याकडे,” भाऊ कसाबसा म्हणाला. “ताई माझ्याकडे राहील, बाबा. तिच्यासाठी एक खोली केव्हाची ठेवलीय मी.”

बाबांनी डोळे उघडले आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“मग हे आधी नाही का सांगायचं रे?” ते म्हणाले, आणि गेले.