उशीतली फुंकर

माझी नात ठमी लोकांचे श्वास मोजते. मोठी शास्त्रज्ञ आहे, उगाच नाही! आमच्या घराण्यात आजवर फक्त एकमेकांच्या चुका मोजल्या गेल्या. लोक तिच्यासमोर साखरेचं पाणी पितात, थोड्या वेळानं पिशवीत फुंकतात, आणि तिचं यंत्र त्यातला हायड्रोजन दाखवतं. तो जास्त निघाला, की पोटात नको ते जंतू माजलेत आणि आपलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व तेच गट्टम करतायत, असं तिचं म्हणणं. मग पाय बधिर होतात, माणूस विसरायला लागतो.

ह्यांचं अगदी तसंच झालं होतं. तेव्हा सगळ्यांनी ह्यांना वेडं ठरवलं, आणि वेडे म्हणूनच हे गेले. ठमी ह्या विषयात शिरली ती आजोबांसाठीच.

ह्यांची एक रबरी हवेची उशी होती माझ्याकडे. ह्यांनीच तोंडानं फुगवून बूच लावलेली. मी कधी उघडली नाही. परवा ती काखेत मारून थेट प्रयोगशाळेत गेले.

"आजी, अगं हायड्रोजन रबरातून निसटतो! इतकी वर्षं काय राहणार?"

"तू मोज गं. उशीवरून उठणं ह्यांच्या स्वभावातच नव्हतं."

हसत हसत तिनं नळी जोडली. आकडा चढला. चढतच गेला. तिचं हसू थांबलं. स्वच्छ हवेनं यंत्र धुऊन काढून तिनं पुन्हा मोजलं.

तोच आकडा.

तिचे मोठे डॉक्टर आत डोकावले. पडद्याकडे बघून म्हणाले, "ताजा नमुना दिसतोय. पेशंट बाहेर बसलेत का? रक्त तपासा, इंजेक्शनं लगेच सुरू करा. वेळेत आलेत, बरे होतील."

मी ताठ बसले. "ऐकलंस ना? वेडे नव्हते तुझे आजोबा. आणि शोधून काढलं कोणी? माझ्या नातीनं!"

ठमीनं माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता.

उशी पार चपटी झाली होती. घरी आणून ती पलंगावर ह्यांच्या जागेवर टाकली आणि हातपाय धुवायला गेले.

परत आले तर उशी टम्म.

मधोमध डोक्याएवढा खळगा.

"बघितलंत ना पोरीचं काम?" मी विचारलं.

खळगा हळूच भरून आला.

मी बुचाभोवती बोट फिरवलं. ओलं होतं, आणि कोमट.