सळईचं दुसरं टोक

मे महिन्यातली दुपार. शिराळ्याच्या पुढच्या फाट्यावर नाथाजी एसटीतून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर पत्र्याची ट्रंक होती. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव होतं ते गुंडाचं. गुंडा फेब्रुवारीत गेला. त्याचं सामान त्याच्या आईला पोचवायचं, घोटभर चहा घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं मलकापूरला आपल्या घरी परतायचं, एवढंच काम.

दोघं एकाच पलटणीतले. शहाण्णवच्या हिवाळ्यात दोघांनाही हिमालयात पाठवलं होतं, बर्फातल्या बचाव पथकाचं शिक्षण घ्यायला. दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर पट्ट्यांनी आवळायचे आणि उतारावरून घसरत जाऊन गाडलेल्या माणसाला हुडकायचं. उसाच्या सरीतून चालणारी पोरं; पहिला महिना नुसती तोंडावर आपटली. पण शिकली. शेवटच्या परीक्षेत एकानं बर्फाखालच्या खड्ड्यात पडून राहायचं, दुसऱ्यानं लांब सळई खुपसत त्याला शोधायचं. खालच्यानं घाबरू नये म्हणून आकडे मोजायचे.

खड्ड्यात गुंडा उतरला होता.

गुंडाच्या आईनं, हरणाबाईंनी, ट्रंक उघडलीच नाही. त्यांनी नाथाजीला आत बोलावलं. उंबरा ओलांडताच त्याच्या अंगावर काटा आला. बाहेर पत्रा तापून करकरत होता, आणि आत गारठा. ओल्या लोकरीचा वास.

"कसा गेला रं माझा गुंडा?"

"झटक्यात गेला, मावशी. त्येला कळलंबी न्हाई."

म्हातारी त्याच्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "मग... मोजतंय कोण?"

तिनं सारवलेल्या जमिनीकडे बोट दाखवलं. दुःखानं हिचं डोकं फिरलंय, असं नाथाजीला वाटलं. तिच्या समाधानासाठी तो वाकला, जमिनीला कान लावला.

खोल, फार खोल. घोगरा, दमलेला आवाज.

"एकशेबारा... एकशेतेरा..."

नाथाजी झटकन जमिनीपासून दूर सरकला. तीन महिने कुणालाच न सांगितलेलं त्याच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं.

"बर्फाचा कडा सुटला मावशी, गुंडाच्या खड्ड्यावरच आला. मी पयला पोचलो. तिसऱ्यांदा सळई खुपसली तवा मऊ लागलं. काढाया गेलो, तर... खालनं कोणीतरी धरली. दोनदा वढली."

"मग?"

"वर पुन्यांदा तडकल्याचा आवाज झाला. पायाचं पट्टं सोडून उकरायचं व्हतं मी... न्हाई उकरलं. फळी जराशी तिरपी केली. उतारानंच नेलं मला." त्यानं तळहात जमिनीवर टेकला. "सायबांना म्हनलो, कायबी लागलं न्हाई."

सगळे दुसरीकडेच खणत बसले होते. गुंडा चौथ्या दिवशी सापडला. त्याच्या तोंडापुढचं बर्फ वाटीएवढं वितळलेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, तासभर तरी श्वास चालू असावा.

हरणाबाई उठल्या. कोपऱ्यातली कुदळ आणून त्यांनी त्याच्यापुढे ठेवली.

"मग आता काढ की त्येला."

नाथाजीनं कुदळ उचलली. खणायला लागला. गुडघाभर झालं, कमरेइतकं झालं. माती थंडगार होत चालली, बोटं बधिर झाली. आवाज मात्र तेवढाच खोल राहिला; हा फूटभर खाली गेला, की तोही फूटभर खाली.

"गुंडा! आलो रं! थांब गड्या..."

"चारशेनऊ... चारशेधा..."

दिवेलागणीला शेजारचे आप्पासो खणण्याचा आवाज ऐकून आले. नाथाजी छातीइतक्या खड्ड्यात होता, हातांची सालपटं निघालेली.

"आरं, काय चाललंय ह्ये?" म्हणत त्यांनी त्याला काखेत धरून वर ओढलं. आप्पासोंना ते मोजणं मात्र ऐकू येत नव्हतं.

"न्हाई घावला?" हरणाबाईंनी विचारलं.

नाथाजीनं मान हलवली. हरणाबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. पुन्हा त्याच्याशी कधीच बोलल्या नाहीत.

आप्पासोंनी त्याच संध्याकाळी खड्डा बुजवला, धुमसानं ठोकून सपाट केला. नाथाजीला त्यांनी बाहेर ओट्यावर बसवलं, कांबळं पांघरलं, आणि स्वतः दारातच अंथरूण टाकलं.

सकाळी जमीन बसलेली होती. दोन खळगे पडले होते, शेजारी शेजारी, कुशीवर निजलेल्या माणसाएवढे. आप्पासोंनी हात लावून पाहिलं. एक बर्फासारखा गार. दुसऱ्यातली माती उबदार होती, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

नाथाजी ओट्यावर होता. रात्रभर तो तिथून हलला नव्हता, तरी त्याच्या अंगाखालचा ओटा थंडगार होता.