नवव्या प्रकरणातल्या ओळी

नववे प्रकरण एकही ओळ न मोडता पानावर उतरले, आणि तिथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

तो एका छापखान्यात पुस्तकांची पाने लावत असे. लोकांनी वर्डमध्ये टाइप करून आणलेला मजकूर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा आणि तिथे उडालेली दाणादाण निस्तरायची, हे त्याचे काम. बोलणे कमी, नजर बारीक. म्हणून सगळे त्याला ‘कानामात्रा’ म्हणत.

हातातले आत्मचरित्र एका दिवंगत टंकलेखकाचे होते. म्हाताऱ्याने जन्मभर टाइपरायटर बडवला होता आणि संगणकावरही त्याची बोटे जुन्याच वाटेने चालली होती : ओळ संपत आली की एंटर, परिच्छेदाआधी मोजून पाच मोकळ्या जागा. छापील कागदावर हे कळत नाही. पानाची रुंदी बदलली की मात्र प्रत्येक ओळ मध्येच तुटते. अशी आठ प्रकरणे कानामात्राने ओळ न् ओळ सांधली होती. दहावेही तसेच मोडके. मधले नववे तेवढे धडधाकट.

शिवाय स्टाइलींच्या, म्हणजे मजकुराच्या ठेवणीला दिलेल्या नावांच्या यादीत ‘नॉर्मल’च्या खाली एक अनोळखी नाव येऊन बसले होते : ‘दोषनोंद’.

त्याच दुपारी म्हाताऱ्याची मुलगी आली. मागोमाग तिचा धाकटा भाऊ. छपाईला मंजुरीची सही द्यायची होती. तिच्या हातात नवव्या प्रकरणाची मुद्रित प्रत चुरगळली होती.

“सही मी करीन,” ती म्हणाली. “फक्त एक सांगा. हे बाबांनीच लिहिलंय?”

कानामात्राने ते वाक्य वाचले होते. ‘आजारपणाच्या सहा वर्षांत मुलीने हात झटकले. शेवटी तिचे तोंड दिसू नये, एवढीच इच्छा.’

“ताई, किती वेळा तेच?” भाऊ वैतागला. “फाइल त्यांची, नाव त्यांचं. आणखी काय, त्यांना साक्षीला बोलावू?”

“त्यांनी लिहिलं असेल तर छापा. मी जन्मभर मान खाली घालून राहीन. पण त्यांचंच आहे, एवढं मला कळू दे.”

कानामात्राने पडद्यावरची नजर न हलवता विचारले, “टायपिंग कोणी केलं, साहेब?”

“बाबांनी. स्वतः.”

“कधी तुम्हाला सांगून लिहून घेतलं?”

“छे! कीबोर्डला बोट लावू द्यायचे नाहीत. माझ्या टायपिंगला ते ‘कोंबडीचं दाणे टिपणं’ म्हणायचे.”

“कोणाकडून कॉम्प्युटर नीट शिकले होते?”

“कोणाचं ऐकून घेतील तर ना!”

“आपण काय करता?”

“लिफ्ट तपासतो. दोर, ब्रेक, दारं. आणि मग अहवाल. निम्मा जन्म त्या अहवालांत गेला.”

“अहवालाचा साचा ठरलेला असेल.”

“असतोच. त्याचं इथे काय?”

कानामात्राने खुर्ची वळवली. अनोळखी माणसांसमोर बोलताना त्याचे कान लाल होत, आताही झाले.

“आठ प्रकरणं आणि दहावं, यांत प्रत्येक ओळीच्या टोकाला एंटर आहे. नवव्यात फक्त परिच्छेद संपताना. एका प्रकरणापुरता शहाणा होऊन माणूस पुन्हा जुन्या सवयीला जात नाही. म्हणजे हात दुसरा. दुसऱ्या फाइलीतून मजकूर उचलून इथे चिकटवला, की त्याच्या स्टाइलीचं नावही बरोबर येतं. अक्षराचा टाइप आणि आकार तुम्ही बाबांसारखा करून घेतलात, त्यामुळे कागदावर फरक दिसला नाही. नाव मात्र राहून गेलं. हे पाहा. ‘दोषनोंद’. आता सांगा साहेब, अशी स्टाइल कोणाच्या अहवालात असते?”

बाहेर कागद कापायचे यंत्र दणकन खाली आले. भाऊ पडद्याकडे बघत राहिला.

“तू?” ताईचा आवाज फुटला. “अरे, मी तुझं काय वाकडं केलं होतं?”

“काही नाही. तेच तर.” त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. “खरं नववं यात आहे. फेकवलं नाही मला. वाच.”

कानामात्राने फाइल उघडली. ओळी मोडक्याच होत्या, पाच-पाच मोकळ्या जागांसकट. ‘मुलगी वर्षातून दोनदा येते. ती येते तेव्हा खोलीत उजेड येतो. तिच्या वाटेकडे डोळे लावूनच मी हे आजारपण काढले.’

ताईने पदर तोंडाला लावला. रडता रडता ती पुढे वाचत गेली, आणि मग थांबली.

“यात तू कुठे आहेस?”

“शोधा की, तुमचं मशीन शोधतं ना?” भाऊ कानामात्राला म्हणाला. “‘मुलगा’ शोधा. माझं नाव शोधा. सगळ्या पुस्तकात.”

कानामात्राने शोधले. एकदाही सापडले नाही.

“सहा वर्षं त्यांना उचलून बसवलं मी,” भाऊ म्हणाला. “आंघोळ, औषधं, अंथरूण. शेजारच्या खोलीत टकटक ऐकू यायची. वाटायचं, आज तरी माझ्यावर आले असतील. गेल्यावर वाचलं. तुला पुसून मी तिथे येईन, असं नव्हतं. पण मग तूही नको, असं झालं.”

गुन्हेगार सापडल्यावर हलके वाटते, असे कानामात्राने कुठेसे वाचले होते. त्याला तसे काही वाटत नव्हते.

“आपण एक वाक्य घालू या,” ताई घाईघाईने म्हणाली. “तुझ्याबद्दल. दोन ओळी. खोटं थोडंच आहे? तू केलंस सगळं.”

“मी केलं, ताई. पण त्यांनी लिहिलं नाही.”

भावाने मंजुरीचा कागद पुढे ओढला, पेनड्राइव्हमधले नववे प्रकरण घ्यावे असे त्यावर स्वच्छ लिहिले, सही केली आणि पेन तिच्यापुढे धरले.